आखणीचा हात

१५ मार्च २०२५, शनिवार

रोह्याच्या डॉक्टरीणबाईंनी आज मला गृहपाठ दिला. रोज निदान दोन ओळी लिहायच्या: झोप लागली का, मन कसं होतं, हात किती थरथरला. मी म्हटलं, बाई, मी गणपतीचे डोळे काढणारा माणूस, दहावीनंतर शाळेला रामराम ठोकला तो लिहायच्या कंटाळ्यानेच. त्या हसल्या नाहीत. वही मात्र स्वतःच्या खणातून काढून दिली, औषध कंपनीची, वर हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र असलेली.

आम्ही पेणहून रोह्याला जातो, कारण पेणमध्ये मनाच्या डॉक्टरची पायरी चढलं की दिवस मावळायच्या आत गणपतीच्या सगळ्या कारखान्यांना कळतं. गाडीत कोणी ओळखीचं भेटलं तर बहिणीकडे चाललोय म्हणून सांगायचं. बहीण, चंद्रावती, खरोखरच रोह्यात राहते, त्यामुळे अर्ध्याच खोट्यावर भागतं.

या आजारात माणूस कधी आभाळाला हात लावतो, कधी विहिरीच्या तळाशी जाऊन बसतो. ते मला कोणी सांगायला नको, दोन्हीकडे राहून आलोय. पण आत काय बिघडतं ते आज पहिल्यांदा कोणीतरी नीट सांगितलं. पहिला झटका यायला म्हणे काहीतरी मोठं घडावं लागतं. माझा बाप गेला, त्यात सीझनची जागरणं, तेव्हा मला पहिला आला. दुसरा आला गागोद्याच्या भावाशी तोंडातोंडी झाली तेव्हा. तिसऱ्याला एका लग्नाचं जागरण पुरलं. चौथा मागच्या दिवाळीनंतरचा, तो कशाने आला ते कोणालाच सांगता येत नाही. बाई म्हणाल्या, असंच होतं. मेंदूला एकदा वाट सापडली की पुढे त्याला कारण लागत नाही. दर झटक्यात पेशी दमतात. त्यांना शक्ती पुरवणारी यंत्रणा मंदावते, त्यांची डागडुजी करणारं द्रव्य घटतं, अंगात बारीक सूज राहते, आणि आठवणी सांभाळणारा भाग थोडाथोडा झिजत जातो. लिथियमची गोळी ती झीज अडवते. बरं करत नाही, अडवते. हात थरथरतो तो तिच्यामुळेच.

मी म्हटलं, म्हणजे शाडूचा तडा. मूर्ती वाळताना तडा गेला तर ओल्या मातीने बुजवता येतो, वर रंग मारला की गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. पण पुन्हा धक्का बसला की मूर्ती तिथेच फुटते, आणि दुसऱ्या वेळी धक्का हलका असला तरी चालतो. बाईंनी मान डोलावली. मला वाटलं होतं त्या म्हणतील, इतकं काही वाईट नाही.

झोप: लागली. हात: चहाची बशी बायकोने, मैनाने, धरली.

१९ मार्च

झोप बरी. मन आहे तिथे आहे. लिहिण्यासारखं काही नाही, हे लिहायला वही कशाला लागते?

२ एप्रिल

कारखान्याच्या मालकाने, शिवाशेठने, आज मला आखणीवरून काढून सोवळ्याला बसवलं. 'काढून' हा शब्द त्याने वापरला नाही. तो भला माणूस आहे, मला नोकर म्हणत नाही, भाऊ म्हणतो. म्हणाला, महिपतीभाऊ, थोडे दिवस सोवळं रंगवा, मोठा ब्रश, मोठं काम, हाताला आराम. मोठ्या ब्रशने मूर्तीचं पिवळं सोवळं रंगवणं हे कारखान्यात नवीन आलेल्या माणसाचं काम. मी मान हलवली आणि पिवळा डबा उघडला. दिवसभर मान वर केली नाही.

आखणी म्हणजे देवाचे डोळे. सगळी मूर्ती तयार होते, दागिने होतात, शेवटी डोळे. तोवर ती माती असते. वरच्या पापणीची रेघ एका श्वासात ओढावी लागते, आणि ती अशी उतरली पाहिजे की बुबुळाचा वरचा काठ तिच्याखाली झाकला जाईल. मग देव पाटाशी बसलेल्या माणसाकडे बघतो आणि शांत दिसतो. बुबुळाच्या वर पांढरं दिसलं की देव दचकल्यासारखा दिसतो, घरात कोणाला त्याच्यासमोर बसवत नाही. माझ्या बापाने मला एवढंच शिकवलं, आणि तेवढ्यावर माझी सगळी उमर गेली.

पहिल्या झटक्याच्या वर्षी हीच रेघ चुकली होती. मला तेव्हा कळलंच नव्हतं. मी ओळीने मूर्ती काढत सुटलो होतो आणि लोक वाहवा करत होते, केवढा वेग म्हणून. मैना डबा घेऊन आली, फळीवरच्या देवांकडे तिने बघितलं आणि म्हणाली, "अवो, यांना झोप नाय लागत काय?" सगळ्या देवांच्या बुबुळांवर पांढरं होतं. घरच्यांनी मला देवर्षीकडे धरून नेलं ते त्यानंतर आठवड्याने. सगळ्यात आधी तिला दिसलं, खारेपाटातल्या मिठागराच्या पोरीला, जिने तोवर हातात ब्रश धरला नव्हता.

झोप: लागली. हात: सोवळ्याला चालतो.

२० एप्रिल

सुरभी आली. माझी मुलगी, एकुलती. रोह्याला आत्याकडे राहून बी.एस्सी. केलं, शेवटचा पेपर परवा झाला. आल्या आल्या आईला सांगितलं की बाबांची गोळी म्हणजे एक प्रकारचं मीठच, जमिनीतून निघणारं. मैना म्हणाली, आमच्या बापजाद्यांनी आयुष्यभर मीठ काढलं, हेच काढलं असतं तर जावयाला घरचंच घातलं असतं. तिघंही हसलो. मग सुरभीने तिला बजावलं की बाबांच्या जेवणातलं मीठ एकदम कमी करायचं नाही, उन्हात घाम गेला की पाणी पाजायचं, नाहीतर ही गोळी रक्तात वाढते आणि मूत्रपिंडाला बाधते. मैनाने तेवढं पाठ करून टाकलं.

गेल्या खेपेला सुरभी माझ्याबरोबर डॉक्टरकडे आली होती. तिने सरळ विचारलं की हे मुलांमध्ये उतरतं का. बाई म्हणाल्या, उतरू शकतं, आई-बापाला असलं तर शंभरातल्या पाच-दहा मुलांना. बहुतेकांना काही होत नाही. पण तुझ्या वयात सुरू होतं, म्हणून झोपेची काळजी घे. सुरभी म्हणाली, मी तर कोंबडीसारखी झोपते, दिवे लागले की डोळे मिटले. हे खरं आहे. लहानपणी ती जेवताना ताटावरच झोपायची.

झोप: लागली.

११ मे

उकाडा मरणाचा. दुपारी सुरभी कारखान्यात येऊन बसते. सुट्टीत करायला काही नाही म्हणून. आज तिने एक लहान मूर्ती मागितली, म्हणाली, मला आखणी शिकवा.

मी तिच्या मागे उभा राहिलो आणि बापाने माझा धरला होता तसा तिचा हात धरला. ब्रश पापणीवर ठेवला तर माझी थरथर तिच्या हातात गेली आणि रेघ उंदराने कुरतडल्यासारखी झाली. ती हळूच म्हणाली, "बाबा, तुमी नुसतं सांगा. हात सोडा." मी सोडला. मग नुसतं तोंडाने सांगितलं. श्वास सोडताना ओढ, मनगट नको, कोपर हलव. चौथ्या मूर्तीवर तिची रेघ अशी उतरली की शिवाशेठ येऊन बघून गेला.

मला आनंद झाला. खरं सांगायचं तर थोडं पोटातही दुखलं.

हात: वाईट.

१४ जून

मिथुन गेला. तो आमचा दुसरा आखणीवाला, मीच तयार केलेला. रोह्याजवळ धाटावच्या कंपनीत लागला, शिफ्ट आहे, पण बाराही महिने काम आहे, त्याला दोष कसा देणार. आता घरगुती गणपतींच्या एवढ्या ऑर्डरी आणि डोळे काढायला कोणी नाही.

शिवाशेठ संध्याकाळी घरी आला. चहा घेतला, पावसाच्या गप्पा मारल्या, आणि उठता उठता माझ्या हाताकडे बघून म्हणाला, "भाऊ, गोळी थोडी कमी नाय का करता येत? चवथीपर्यंत. मंग परत चालू." मैना आत भांडी घासत होती, तो आवाज थांबला. 

पेणमध्ये माणसं सगळी कामं चवथीनंतर करतात. ऑपरेशन चवथीनंतर, लग्नाची बोलणी चवथीनंतर. शिवाशेठच्या बापाने मोतीबिंदू तसाच ठेवून दोन सीझन काढले. कोणी याला वेडेपणा म्हणत नाही. डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं मला आठवतं: गोळी मध्येच सोडली तर परत सुरू केल्यावर ती पूर्वीसारखी पकडेलच असं नाही. पण सोडायची कोण म्हणतंय. अर्धी.

२५ जून

अर्धी करून दहा दिवस झाले. आज हात स्थिर राहिला. पापणीची रेघ एका श्वासात उतरली, मग दुसरी उतरली. मी ब्रश खाली ठेवून कारखान्याच्या मागे गेलो आणि रडलो. देवाच्या डोळ्यात बघून एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

मैनाला सांगितलं नाही. ती सकाळी गोळी हातावर ठेवते. मी अर्धी तोंडात घालतो, अर्धी खिशात.

९ जुलै

अर्ध्याचीही गरज नाही असं वाटतं. काल घेतली नाही, आज घेतली नाही, काही बिघडलं नाही. उलट डोकं धुतल्यासारखं स्वच्छ झालंय. रंगांचे वास वेगवेगळे येतात. इतकी वर्षं मी घोंगडी पांघरून काम करत होतो हे आता कळतं. सुरभी आणि मी समोरासमोर बसून डोळे काढतो, ती म्हणते, बाबा, तुमचा वेग गाठता येत नाही. मी म्हटलं, गो बाय, हा वेग नाही, हे बापाचं देणं आहे.

१७ जुलै

आज लिहायला घेतलं तर पेन थांबत नाही, आणि का थांबावं, एवढं सांगायचं साठलंय. मुख्य गोष्ट अशी की आपण इतकी वर्षं सगळ्या देवांना एकच डोळे देत आलो, हीच चूक. प्रत्येक घराचा देव वेगळा हवा. गिऱ्हाइकाने आपल्या घरातल्या सगळ्यात थोर माणसाचा फोटो द्यायचा, आजा असो आजी असो, आणि मी त्यांचे डोळे देवाला देणार, म्हणजे घरातलं गेलेलं माणूस दर भाद्रपदात परत येऊन बसेल. हे पेणमध्ये कोणाला सुचलं नाही. शिवाशेठला सांगितलं तर तो नुसता बघत राहिला, त्याचाही दोष नाही, धंद्यातल्या माणसाला उशिरा कळतं. मी स्वतःच मूर्ती बदलायला घेतल्या आहेत. माझ्या बापाचे डोळे एका मूर्तीला दिले तर तो माझ्याकडे बघून हसला, म्हणजे हसल्यासारखं वाटलं, मी वेडा नाही. झोपेची मला गरजच वाटत नाही. अंगातच असं काहीतरी आहे जे झोपेचं काम परस्पर करून टाकतं, डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं पाहिजे, त्यांच्या अभ्यासात भर पडेल. मैना गप्प गप्प असते. तिला आनंद पचत नाही, पहिल्यापासून तशीच आहे.

२० जुलै

झोप: वेळ नाही.

९ ऑगस्ट

हात एवढा हलतो की अक्षर मलाच लागत नाही. तरी लिहितो, बाईंनी सांगितलंय.

मधलं मला थोडं आठवतं, बाकीचं मैनाने सांगितलं. तिला सांगायचं नव्हतं, मीच मागे लागलो. फळीवरच्या तयार मूर्तींचे डोळे मी पुसून परत काढायला घेतले, माझ्याही आणि सुरभीच्याही. शिवाशेठने ब्रश काढून घेतला तेव्हा मी त्याला ढकललं, आणि एक फळी देवांसकट खाली आली. मग मी पावसातून रुळांच्या कडेने चालत सुटलो. कासू स्टेशनवर सापडलो, गाडीची वाट बघणाऱ्या बायकांना पापणी कशी उतरवायची ते शिकवत होतो. कोणीतरी माझा फोन घेऊन चंद्रावतीला लावला. तिचा नवरा निकेश शिफ्ट सोडून गाडी घेऊन आला. मग रोहा, इंजेक्शन, आणि पुढे बरेच दिवस नुसतं पांढरं छत.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. आता मी तळाशी आहे. वर बघायचाही कंटाळा येतो.

डॉक्टरीणबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्यासमोर मैनाला सांगितलं की गोळी परत सुरू केलीय, रक्तात तिचं प्रमाण बरोबर आलंय, पण ती पूर्वीसारखी पकडत नाही. कधीकधी असं होतं, का होतं ते नक्की कोणाला माहीत नाही. आता जोडीला दुसरी गोळी. मूत्रपिंडावर थोडा ताण दिसतोय, तिकडेही लक्ष ठेवायचं. मी विचारलं, सहावा झटका येईल का. त्या म्हणाल्या, आपण लांबवायचा प्रयत्न करू.

येणार नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत.

१३ ऑगस्ट

मैनाचं माहेर कुठलं ते आज पटकन आठवलं नाही. खारेपाट आठवलं, मिठागर आठवलं, तिच्या बापाच्या पायाच्या भेगा आठवल्या, गावाचं नाव नाही. तिलाच विचारलं. तिने "वढाव" म्हणून सांगितलं आणि भाकरी थापत राहिली. आमचं लग्न वढावलाच लागलं होतं.

आठवणी सांभाळणारा भाग. बाईंनी मार्चमध्ये सांगितलं होतं, मी लिहूनही ठेवलंय. वाचल्यावर आठवतं.

१६ ऑगस्ट

एक गोष्ट मात्र चांगली लिहितो, म्हणजे वहीला वाटायला नको की मी नुसता रडतो. सुरभीने सगळा सीझन उचललाय. मी बिघडवलेल्या सगळ्या मूर्ती तिने एकटीने परत आखल्या. शिवाशेठ भेटायला आला होता, मी ढकललेलं विसरून. म्हणाला, "पोरीत तुमचा हात उतरलाय. बसली की उठत नाय." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा माझ्या छातीत काहीतरी हललं. मी जातोय, पण रेघ राहतेय. बापाची माझ्याकडे आली, माझी तिच्याकडे.

ती घरी येते तीही हसत. चवथीनंतर पनवेलला एम.एस्सी.ला जायचं होतं, ते आता नाही म्हणते, बायकांचा वेगळा कारखाना काढायचा म्हणते, खारेपाटातल्या पोरींना शिकवायचं म्हणते. एवढं भरभर बोलते की मला अर्धं कळत नाही. नव्या गोळीने मी मंद झालोय. मंद माणसाला सगळं जग धावताना दिसतं.

झोप: खूप. हात: आहे तसाच.

१९ ऑगस्ट

मैना म्हणाली, "अवो, पोरीशी बोला. जेवत नाय धड." मी म्हटलं, सीझन आहे गो. चवथ झाली की खाईल. मैना उठून गेली. मी काय वाईट बोललो?

२४ ऑगस्ट, रविवार

आज एवढ्या दिवसांनी कारखान्यात गेलो. मैनानेच नेलं. मला वाटलं, मन रमवायला. माणसं मूर्ती न्यायला आली होती, बाहेर टेम्पो उभे होते, कोणी माझ्याकडे फारसं बघितलं नाही. मैनाने मला मागच्या खोलीत नेलं, जिथे सुरभीच्या मूर्ती ओळीने ठेवल्या होत्या, आणि म्हणाली, "बघा."

मी बघितलं. रेघ सुंदर होती. एका श्वासातली, कुठे थरथर नाही. मी बापाचं नाव घेणार होतो. मग मला वाटलं, हे सगळे माझ्याकडे का बघतायत. मी बाजूला सरकलो तरी बघत होते. जवळ जाऊन बघितलं. बुबुळाच्या वर पांढरं होतं. पहिल्या मूर्तीला, तिच्या बाजूच्या मूर्तीला, भिंतीपर्यंत सगळ्यांना.

मैना म्हणाली, "मला आठ दिस झाले दिसतंय. तुमाला दिसतंय का ते बघायचं व्हतं."

सुरभी आली तेव्हा तिच्या हातात दोन ब्रश होते आणि तिसरा केसांत. डोळ्यांखाली काळं, पण चेहऱ्यावर दिवा लावल्यासारखं. मी विचारलं, बाय, झोपतेस ना. ती हसली. "झोप कशाला, बाबा? मला लागतच नाय. गरजच नाय वाटत. तुमाला नाय कळायचं." पण मला कळत होतं. आख्ख्या पेणमध्ये मलाच कळत होतं.

घरी येऊन वही चाळली. १७ जुलैचं पान वाचलं. माझ्याच अक्षरात तिचं वाक्य आहे.

२५ ऑगस्ट

डॉक्टरीणबाईंना फोन केला. म्हणाल्या, उद्याच आणा. हा पहिला आहे, महिपतीराव, पहिल्यालाच गोळी सगळ्यात चांगली पकडते, झीज सुरू व्हायच्या आत. माझ्या पहिल्याला आम्ही काय केलं होतं? देवर्षी, अंगारा, आणि चवथीनंतर बघू.

सुरभीला सांगितलं तर तिने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "बाबा, सगळं जग तुमच्यासारखं नसतं. सीझन संपू दे." शिवाशेठनेही हात जोडले, म्हणाला, भाऊ, दोन दिवसांवर आलंय, एवढ्या मूर्ती कोण करणार. मी त्याला म्हटलं, डोळे न काढता दे. तो समजला नाही. देवाला डोळ्यांशिवाय कोणी घरी नेत नाही.

शेवटी मी म्हटलं, बाय, मला बरं वाटत नाही, डॉक्टरकडे एकट्याने जाववत नाही, सोबत चल. त्याला ती लगेच तयार झाली. ती आजही चांगली मुलगी आहे.

२६ ऑगस्ट

पेण ते रोहा ती एकटीच बोलत होती. खिडकीबाहेर भाताची खाचरं, नागोठण्याला नदी भरलेली, तिला सगळ्यात काहीतरी दिसत होतं. मी हो हो करत होतो. मला माझा बाप आठवत होता, आणि मी असा बोलत असेन तेव्हा शेजारी बसलेली मैना.

बाईंनी माझा हात बघितल्यासारखं केलं आणि बोलता बोलता तिच्याकडे वळल्या. सुरभी हुशार आहे, तिला लगेच कळलं. ती रडली नाही, ओरडली नाही, फक्त बोलायची थांबली. ती थांबल्यावर खोली फार मोठी वाटली. नंतर बाईंनी विचारलेल्या सगळ्याची तिने खरी उत्तरं दिली. रक्त घेतलं, थायरॉईड, मूत्रपिंड, सगळं. झोपेची गोळी आजपासून. रक्ताचा अहवाल संध्याकाळी फोनवर आला, ठीक आहे, उद्यापासून लिथियम.

परतीच्या गाडीत तिने मला एकच विचारलं. शंभरातल्या पाच-दहा ना? मी म्हटलं, हो. पुढे ती पेण येईपर्यंत बाहेर बघत होती.

झोप: मला लागली. तिला गोळीने थोडी.

२७ ऑगस्ट, चतुर्थी

घरचा गणपती सुरभीने आखलेला. मैनाने परवाच शिवाशेठला सांगितलं होतं की दुसरा द्या, पण सुरभीने स्वतः आणून पाटावर ठेवला, तिला कोण अडवणार. पूजा झाली. देव जागा आहे. मी त्याच्यासमोर बसलो आणि मला नजर वर करवेना.

नैवेद्यानंतर मैनाने दोन वाट्या पाणी आणलं आणि दोन गोळ्या. एकाच पाकिटातल्या, तशाच पांढऱ्या. मी माझी घेतली, नेहमीसारखं थोडं पाणी सोवळ्यावर सांडलं. सुरभी माझ्या हाताकडे बघत होती. मग तिने आपला उजवा हात समोर धरला, बोटं पसरून. मेणबत्तीच्या ज्योतीएवढाही हलत नव्हता.

"बाबा, माझा पण थरथरेल ना?"

मैना माझ्याकडे बघत होती. नाही म्हणा, असं तिच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं. बाई म्हणाल्या होत्या की सगळ्यांना होत नाही, तरुणांना कमी होतं, डोस सांभाळता येतो. तेवढं सगळं मला आठवत होतं, आज डोकं दगा देत नव्हतं. पण मी जून महिन्यात स्वतःशी काय बोललो होतो तेही आठवत होतं, आणि तिला खोट्यावर ती गोळी गिळायला लावली तर पुढच्या जूनमध्ये ती काय करेल तेही दिसत होतं.

"व्हय," मी म्हटलं. "थरथरेल. नाय घेतलीस तर माझ्यासारखं व्हईल."

तिने मान हलवली. समजल्यासारखी हलवली, घेते अशी नाही. मग गोळी उचलून उजव्या हातात घेतली. तेवढ्यात शेजारचे आले, इंदुबाई आल्या, पोरं आली, निरांजन लावलं, आणि आरती सुरू झाली. सगळे टाळ्या वाजवत होते. सुरभीही वाजवत होती, देवाच्या डोळ्यात बघून, मोठ्याने म्हणत. पण तिची उजवी मूठ मिटलेली होती, आणि ती मुठीवरच टाळी वाजवत होती.

शेवटच्या आरतीपर्यंत ती मूठ उघडली नाही.